स्कॉलरवर १४, स्कोपसवर ९: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. गूगल स्कॉलर माझा एच-इंडेक्स, म्हणजे संशोधनाच्या प्रभावाचा आकडा, १४ दाखवतं आणि स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस ९. बढतीच्या अर्जात कोणता लिहू?
— एक प्राध्यापिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: दोन्ही लिहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. रकाना एकच असेल तर स्कोपसचा द्या. तो समितीला पडताळता येतो.

तफावतीत तुमची काही चूक नाही. स्कॉलर इंटरनेटवर हाती लागेल ते मोजतं: प्रबंध, प्रीप्रिंट (छाननीआधीच टाकलेले पेपर), परिषदांतले गोषवारे, कुठल्यातरी कॉलेजच्या साइटवर पडलेली पीडीएफसुद्धा. स्कोपस निवडक जर्नलं, पुस्तकं आणि परिषदाच धरतं.

एकदा हातानेही मोजून पाहा. एच-इंडेक्स ५ म्हणजे किमान पाच-पाच सायटेशन (इतर पेपरांत आलेले संदर्भ) असलेले पाच पेपर. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा आकडे असे आले: ४१, २२, १५, ९, ६, ५, ३, १, ०. पाचव्या पेपरला ६ सायटेशन आहेत, म्हणजे पाचाला पुरतात. सहाव्याला ५च, तिथे अडलं. एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरची ४१ ची उद्या ४१०० झाली तरी तो ५च राहणार. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. एखादाच गाजलेला पेपर किंवा नुसता पेपरांचा ढीग, यांपैकी कशानेच ते फुगत नाही, हा त्याचा गुण. दोष असा की वय वाढतं तसं ते वाढतच जातं. हिर्शनेच त्यावर उतारा दिला आहे: पहिला पेपर छापून जितकी वर्षं झाली, त्या संख्येने एच-इंडेक्सला भागा. तरीही शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाची तुलना हृदयरोगतज्ज्ञाशी करू नये. ज्या विषयात लिहिणारेच कमी, तिथे सायटेशनही कमी.

अर्जाआधी स्कॉलरचं प्रोफाइल झाडून घ्या. तिथे नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपोआप येऊन बसतात. सेटिंगमध्ये ‘आपोआप जोडा’ बंद करून ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. एकच पेपर दोनदा आला असेल तर दोन्ही नोंदींवर खूण करून ‘मर्ज’ करा. स्कोपसमध्ये स्वतःचीच सायटेशन वगळण्याची सोय आहे; तो आकडाही जोडून दिलात तर मुलाखतीत कुणी खोचक प्रश्न विचारायला जागा उरत नाही.

प्रश्न: माझ्या तीन पेपरांत आडनावाच्या जागी वडिलांचं नाव छापलं गेलंय. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं. हे सगळं एकाच नावाखाली आणता येईल का?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर: गुजरातेत हा घोळ नेहमीचाच. इथल्या फॉर्मांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. तोच क्रम जर्नलच्या फॉर्मात उतरवला की शेवटचं नाव आडनाव ठरतं. त्यात रोमन स्पेलिंगची भर. गायकवाड कुणी ‘एई’ने लिहितं, कुणी ‘एआय’ने. पत्त्यात कधी बरोडा, कधी वडोदरा. संगणकाला हे सगळे निराळे लोक वाटतात.

आधी ऑर्किड (ORCID) काढा. संशोधकाच्या ओळखीचा हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो आणि जन्मभर तोच राहतो. तिथे ‘या नावांनीही ओळख’ या रकान्यात लग्नाआधीचं नाव आणि चुकून छापलेलं नाव, दोन्ही भरा. मग स्कोपसमध्ये तुमच्या नावाचे जेवढे तुकडे दिसतील ते निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवा आणि ऑर्किड जोडा. हाच क्रम ठेवा. तुकडे जुळायच्या आत ऑर्किड जोडलात तर अर्धेच पेपर तिकडे जातात. छापलेलं नाव दुरुस्त करायचं असेल तर जर्नलला लिहावं लागतं, पबमेड ही वैद्यकीय पेपरांची सूची ते स्वतःहून बदलत नाही. आणि यापुढे प्रत्येक पेपरवर नाव एकाच स्पेलिंगने, एकाच क्रमाने.

प्रश्न: आमच्या विभागातला एक तरुण शेकडो लेखकांच्या आंतरराष्ट्रीय पेपरात आहे. त्या एकाच पेपरामुळे त्याची सायटेशन विभागप्रमुखांच्या पुढे गेली. हे कसं धरायचं?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर: जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या प्रकल्पांत हे होतंच. एक उपाय अपूर्णांकाचा: ४०० लेखक आणि २००० सायटेशन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५. पण हा उपाय आंधळेपणाने लावलात तर दहा रुग्णालयांत मिळून केलेली प्रामाणिक चाचणीही मार खाते. म्हणून सोबत लेखकाची जागा पाहा. वैद्यकात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम केलेल्याचं आणि शेवटचं ज्येष्ठाचं असतं. अनेक जर्नलं आता ‘क्रेडिट’ पद्धतीने १४ भूमिकांपैकी कुणी काय केलं ते छापतात. ती ओळ वाचा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

सहकार्याचा नकाशा हवा असेल तर लायडन विद्यापीठाचं व्हीओएसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. स्कोपसमधून नोंदी उतरवून त्यात घाला आणि सहलेखन निवडा. फार लेखकांचे पेपर वगळण्याचा पर्याय चालू करा (मूळ मर्यादा २५ असते), नाहीतर एकाच पेपरने पडदाभर जाळं पसरतं. नकाशात प्रत्येक लेखकाचा एक ठिपका असतो; तुम्ही तीन ठिपक्यांत विभागलेले दिसलात तर वरचाच नावांचा घोळ आहे. दोन स्तंभांची साधी टेक्स्ट फाइल करा: एकीकडे चुकीचं रूप, दुसरीकडे बरोबर. ती ‘थिसॉरस’ म्हणून जोडली की ठिपके एक होतात. मग मार्गदर्शकाचं नाव काढून नकाशा पुन्हा काढा. जाळं टिकलं तर सहकार्य तुमचं स्वतःचं आहे. एकटा ठिपका उरला, तर ते मार्गदर्शकाचं होतं.

प्रश्न: ज्या जर्नलांत छापलं त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज अर्जात देऊ का?
— एक निवासी डॉक्टर, अलकापुरी, वडोदरा

उत्तर: नको. तो आकडा जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले शोधनिबंध, एवढंच ते गणित आहे. नुसतं सायटेशन म्हणजे शाबासकी असंही नाही. वेकफील्ड यांचा लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याला सायटेशन भरपूर आहेत, बरीचशी तो खोडून काढणारी. बेरजेऐवजी पबमेड क्रमांक अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोफत ‘आयसाइट’ या साइटवर टाका. तिथे प्रत्येक पेपरची तुलना त्याच्याच विषयाशी होते. आकडा १ आला म्हणजे पेपर एनआयएचच्या अनुदानावरच्या मधल्या पेपरएवढा. असे तीन उत्तम पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळीत लिहा, तो कुणी, कशासाठी वापरला.