पहिल्यांदा पोलिंग एजंट म्हणून, म्हणजे मतदान केंद्रात उमेदवाराचा माणूस म्हणून, बसतोस तर एवढं ऐक

पहिली गोष्ट, सकाळी वेळेवर जा. मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं, निदान ५० मतं टाकून. ती मोजून, मशीन कोरी केलेली डोळ्यांनी बघ, मगच सही कर. व्हीव्हीपॅटची, म्हणजे कुणाला मत गेलं ते छापणाऱ्या यंत्राची चिठ्ठी काचेतून ७ सेकंद दिसते. म्हाताऱ्या माणसांना हे आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगून ठेव, आत गेल्यावर कोण सांगणार?

संध्याकाळी दमून पळू नकोस, मी एकदा पळालो होतो. फॉर्म १७-सीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यावर किती मतं पडली तो आकडा असतो, मोजणीच्या दिवशी तोच ताडून बघायचा.

आता खरं दुखणं. आपल्याकडं कर्नाटकात विधानसभेला पन्नास टक्के लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की झालं. म्हणून मतं फुटली की आपण बसलोच. २०१३ ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. सीमाप्रश्नाची तळमळ कमी झाली म्हणून, की आपल्यातच दोन-दोन उमेदवार उभे राहिले म्हणून? मला दुसरं कारण मोठं वाटतं, तात्यांना पटत नाही.

ग्रामपंचायतीला मात्र पक्षाचं चिन्हच नसतं. तिथं घराघरातला संबंधच चालतो. सुरुवात तिथूनच कर. आणि हो, कन्नड वाचायला शीक. कागद त्यातच येतात.