ओट्यावरची लाल खूण

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत आजोबांनी रजिस्ट्री करून घेतलेलं आमचं घर आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून नगर निगमच्या माणसांनी ओट्यापासून नऊ फूट आत लाल खूण केली. नोटीस नाही. ‘सहमतीपत्रावर सही करा, स्वतःच पाडा. मोबदला कसला, मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिलाय कुठे?’ असं म्हणतात. सही करू का?

उत्तर : काका, सही करू नका. एकदा राजीखुशीनं दिलं असं लिहून गेलं, की मोबदल्याचं भांडण तिथेच लंगडं होतं.

त्या माणसाचं बोलणं अर्धं खरं आहे. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनं हा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. पण त्याच दुरुस्तीनं कलम 300-अ आलं : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. फरक एवढाच, की यासाठी कलम 32 खाली थेट दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. कलम 226 खाली उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आहेच, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

कोलकात्याच्या पालिकेनं बागेसाठी एकाची जागा अशीच घ्यायला पाहिली होती. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू आणि वाजवी मोबदला हे सगळं 300-अ मध्येच येतं. वर पालिकेला पाच लाखांचा खर्च भरायला लावला.

आता कडू भाग. रस्त्याची रेषा रीतसर आखलेली असेल, तर भिंत वाचेल अशी आशा मी दाखवणार नाही. सार्वजनिक कामासाठी जागा घेण्याचा अधिकार राज्याला आहे, तुमची लढाई रीतीची आणि किमतीची. आणि तो ओटा! रजिस्ट्रीतली चतुःसीमा आणि माप आजच काढा. आपल्याकडच्या जुन्या घरांचे ओटे बरेचदा रस्त्यावरच उतरलेले असतात. मापात नसलेल्या फुटांचे पैसे मागू नका, नाहीतर हक्काच्या फुटांवरही शंका येईल.

मग निगमला लेखी विचारा : कोणत्या कलमाखाली, कोणत्या नकाशाप्रमाणे, मोबदला किती? आवकचा शिक्का घ्या, खुणेचे फोटो काढून ठेवा. पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ म्हणाले, तर तेही कागदावर मागा. उत्तराआधीच जेसीबी दारात आला, तर त्याच दिवशी वकिलाकरवी स्थगितीचा अर्ज.

आणि घर अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी सगळ्या भावंडांना एकत्र बसवा. नाहीतर तुम्ही थांबाल आणि धाकटा सही करून मोकळा होईल.