चार बाणांचा खेळ सुटत का नाही?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नातवाच्या महागड्या गेममध्ये माझे मन रमत नाही; मात्र ब्राउझरमध्ये ‘2048’ उघडला की वेळेचे भान राहत नाही. इतक्या साध्या खेळात असे काय आहे? तसेच, पूर्वीचे फ्लॅश गेम आता खेळता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘2048’ हा खेळ गॅब्रिएले चिरुल्ली या 19 वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च 2014 मध्ये शनिवार-रविवारच्या सुटीत तयार केला आणि सर्वांना मोफत खुला केला. (मूळ कल्पनेचे श्रेय मात्र आधीच्या ‘थ्रीज’ या खेळाला द्यायला हवे.) सोळा घरांचा पट, आकड्यांचे सारे ठोकळे एका दिशेला सरकवणारी चार बाणांची बटणे, सारखे आकडे भिडले की त्यांची बेरीज होऊन एकच ठोकळा आणि 2048 चा ठोकळा बनवण्याचे ध्येय, एवढेच नियम असल्यामुळे काही शिकावे लागत नाही.

खरी गंमत दुपटीत आहे. प्रत्येक खेळीनंतर येणारा नवा ठोकळा दहापैकी नऊ वेळा 2 चा आणि एखाद्या वेळी 4 चा असतो. म्हणजे पटावरची एकूण बेरीज दर खेळीला सरासरी 2.2 नेच वाढते आणि 2048 गाठायला साधारणपणे नऊशेहून अधिक खेळ्या लागतात. 1024 चा ठोकळा जमला की मुक्काम जवळ आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात जवळपास निम्मी मजल उरलेली असते. आपल्यासारख्या बँकेतल्या माणसाला हा हिशेब नवा नाही, पण खेळताना तो कोणाच्याही ध्यानात येत नाही.

मोठा ठोकळा खालच्या कोपऱ्यात जपावा, हे लवकरच उमगते. तरीही कधीतरी अशी कोंडी होते की, वरचा बाण दाबण्यावाचून गत्यंतर नसते. मोठा ठोकळा वर सरकतो, रिकाम्या कोपऱ्यात नेमका 2 येऊन बसतो आणि पुढचा सारा डाव ते निस्तरण्यात जातो. दोष थोडा नशिबाचा, बराचसा आपल्याच आधीच्या खेळींचा. ती चूक स्पष्ट दिसत असते आणि नवा डाव एका क्लिकवर असतो, म्हणूनच उठवत नाही, असे आम्हाला वाटते.

ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअर या सॉफ्टवेअरला अडोबी या कंपनीने 31 डिसेंबर 2020 रोजी निरोप दिला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात गेम चालणेच बंद झाले. मात्र ‘रफल’ हे मोफत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये जोडल्यास त्या गेमपैकी अनेक पुन्हा चालतात. जुने, साधे गेम त्यात सहसा अडत नाहीत.