शेततळ्यातल्या रोहूच्या रक्तात ग्लुकोज जास्त आलंय. मासे आजारी आहेत का? (सोलापूर)

एकट्या ग्लुकोजवरून तसं ठरवू नका. जाळ्यात धडपडला की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि पाठोपाठ ग्लुकोजही चढतं. म्हणून पकडल्यावर काही मिनिटांतच शेपटीजवळच्या शिरेतून रक्त घ्यायला हवं. अर्धा तास बादलीत ठेवलेल्या माशाचा आकडा बहुतेक त्याचा ताणच सांगतो.

माझा भर हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) असतो. दोन्ही उतरले असतील तर रक्तक्षय आहे. मग परजीवी, जिवाणूंचा संसर्ग किंवा निकस खाद्य यांपैकी काय, ते शोधा. रक्ताचा रंगही जरूर बघा! लाल सोडून चॉकलेटी दिसलं तर पाण्यात नायट्राइट (माशांची घाण आणि उरलेलं खाद्य कुजून होणारं विषारी द्रव्य) वाढल्याचा दाट संशय घ्या. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासे वर येऊन तोंड उघडतात. खाद्य थांबवा, थोडं थोडं पाणी बदला, नायट्राइट मोजून त्या प्रमाणात साधं मीठ टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर जातो, तळं आटतं. तेव्हा रक्ताआधी पाणी तपासा. आणि आकडे त्याच तळ्यातल्या निरोगी माशांशी ताडून बघा.