पडीक प्लॉट आणि हट्टी तण: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पडीक पडलेला प्लॉट भाजीपाल्याखाली कसा आणावा, तेही तणनाशकाचा डबा न उघडता, अशी विचारणा कोल्हापूर शहराच्या आसपासच्या अनेक वाचकांनी केली आहे. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (पाचगाव): चार गुंठ्यांचा प्लॉट सात-आठ वर्षे पडून होता. मे महिन्यात रोटाव्हेटर मारून घेतला. माती छान भुसभुशीत झाली, पण पाऊस लागल्यावर पहिल्यापेक्षा दाट हरळी उगवली. मधूनमधून लव्हाळाही आहे. आता पुढे काय?

उत्तर: रोटाव्हेटरने हरळी मेली नाही, तिची लागण झाली. हरळीच्या काशांवर, म्हणजे जमिनीत आडव्या पसरणाऱ्या खोडांवर, थोड्या थोड्या अंतराने पेरे असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. पात्यांनी काशांचे तुकडे केले की ते एका डोळ्यासह लावलेल्या उसाच्या तुकड्यासारखेच, म्हणजे टिपरीसारखेच, काम करतात. हरळी-लव्हाळ्याच्या जमिनीत पहिली मशागत रोटाव्हेटरने करूच नये, हे आधी पक्के ठरवा.

पावसाळ्यात खणायला जाऊ नका. ओली काळी माती तुडवली की तिची ढेकळे दगडासारखी होतात आणि ओलाव्यात काशा पुन्हा मूळ धरतात. या हंगामात फक्त एक गुंठा हातात घ्या. त्यावरचे गवत जमिनीलगत कापा आणि वर जुनी, पण छिद्रे नसलेली काळी ताडपत्री अंथरून कडा वीतभर खोल मातीत गाडा. हरळीला सावली सोसत नाही. वाढीच्या दिवसांतच तीन-चार महिने उजेड तुटला की काशांतला साठा संपत येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ताडपत्री काढून उरलेल्या काशा खणून वेचा. कडेची हरळी मात्र आत धावत येते, म्हणून चारी बाजूंनी फूटभर रुंदीचा पट्टा दर पंधरा दिवसांनी खुरपून मोकळा ठेवा. हा पट्टा सोडला तर सगळे कष्ट वाया जातात. बाकीच्या तीन गुंठ्यांत तूर्त गवत कापत राहा, म्हणजे बी धरणार नाही.

त्या तीन गुंठ्यांचे खरे काम एप्रिलमध्ये. कुदळीने २० ते २५ सेंटीमीटर खोल खणून ढेकळे उलटी टाका आणि फोडू नका. दोन-तीन आठवडे ऊन खाल्ल्यावर ढेकळे फोडून काशा दाताळ्याने ओढून घ्या, मग आडवी खणणी करून पुन्हा वेचा. मध्येच वळीव झाला तर थांबू नका. वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होताच, वेचणी उरका, नाहीतर अर्धवट सुकलेली पेरेही फुटतात. वेचलेल्या काशा बांधावर न टाकता फरशीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा. वाकवल्यावर कट्‌कन मोडल्या तरच त्या कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.

लव्हाळ्याचे गणित वेगळे आहे. त्याचा जीव जमिनीखालच्या गाठींत असतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये असतात, पण काही त्याहून खोल. वरचे पान उपटले की तंतू तुटतो, गाठ आतच राहते आणि पुन्हा फुटते. त्याच्या कोंबाचे टोक इतके अणकुचीदार असते की पुठ्ठा सोडाच, पातळ प्लॅस्टिकही ते भेदते. उपाय दोनच. पहिला, उगवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, म्हणजे नव्या गाठी धरण्याआधी, दर वेळी खुरपणे. प्रत्येक फुटीला जुन्या गाठीतला साठा खर्च होतो. दुसरा, दाट सावलीची पिके घेणे: ताग, चवळी, भोपळा, रताळे. एका हंगामात तो जाणार नाही, दोन हंगाम धीर धरावा लागेल. ज्या भागात लव्हाळा दाट आहे तिथे तेवढा काळ कांदा आणि गाजर लावू नका. या पिकांची पाने जमिनीवर सावली धरत नाहीत आणि खुरपणीत तीच आधी उखडतात.

प्रश्न (कळंबा): मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण एकत्र करून फवारले तर तण जळते, असे मोबाइलवर आले आहे. हे नैसर्गिकच ना?

उत्तर: करू नका, अगदी कळकळीने सांगतो. व्हिनेगरने वरची पाने करपतात, हरळीच्या काशांना आणि लव्हाळ्याच्या गाठींना काही होत नाही. मीठ मात्र मातीत राहते. मिठातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, माती पाणी आत घेत नाही आणि वाळल्यावर वर कठीण पापुद्रा धरते. शिरोळ तालुक्यातल्या खारवट आणि चोपण (सोडियम वाढून कडक झालेल्या) जमिनी सुधारायला शेतकऱ्यांना किती खर्च येतो, ते पाहा. आपल्या हाताने तसली माती घरी कशाला करायची?

प्रश्न (उचगाव): गाजर गवत माजले आहे. उपटले की हाताला खाज सुटते.

उत्तर: पन्नासच्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आता कोल्हापुरातल्याही मोकळ्या प्लॉटवर सर्रास दिसते. एका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे फुलावर येण्याआधी पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटणे हाच मार्ग. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर फडके हवेच. दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. फुले न आलेली झाडे कंपोस्टमध्ये चालतात. पानांवर पांढऱ्या रंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते झायगोग्रामा म्हणजे मेक्सिकन भुंगे. भारतात ते १९८४ मध्ये सोडण्यात आले आणि पावसाळ्यात ते या गवताची पाने फस्त करतात.

प्रश्न (गगनबावडा रस्ता): जमीन स्वच्छ केल्यावर कस कसा वाढवावा? उसाचे पाचट आणि कारखान्याचे प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) सहज मिळते.

उत्तर: मोकळी जमीन एक आठवडाही उघडी ठेवू नका, नाहीतर तण पुन्हा कब्जा घेते. मे अखेरच्या वळवानंतर जे बी उगवेल ते दोन-तीन सेंटीमीटरच वरवर खुरपा. खोल गेलात तर खालचे बी वर येते. मग जूनच्या पहिल्या पावसावर गुंठ्याला पाऊण किलो ताग फेकून पेरा. पाणी साचणारी काळी जमीन असेल तर तागाऐवजी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक घ्या, कारण तागाला मुळाशी पाणी चालत नाही. ४५ ते ५० दिवसांनी, फूल दिसू लागताच, कापून मातीत मिसळा. उशीर केला तर तागाचा वाख (चिवट धागा) तयार होतो आणि तो लवकर कुजत नाही. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मगच लागण करा.

शेणखत गुंठ्याला २५० किलो. ते पूर्ण कुजलेले हवे: हाताला गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये, चुरले तर भुगा व्हावा. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते आणि मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्याही येतात. ताजे प्रेसमडही तसेच. ते तापते आणि मुळे भाजतात, म्हणून दोन-तीन महिने ओलसर ढीग ठेवून, अधूनमधून उलटून, थंड झाल्यावरच वापरा.

पाचट मातीत मिसळू नका, वर अंथरा. मिसळले तर कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र खेचून घेतात आणि पिके पिवळी पडतात. अर्धा फूट जाडीचा थर पुरे, खोडाभोवती मात्र चार बोटे जागा सोडा. कोरडे पाचट वाळवीला बोलावते, तेव्हा ते ओलसर असू द्या. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा, घोणस तिथे दडून बसते.

आपल्याकडे पश्चिमेला तांबडी, पावसाने धुपलेली, काहीशी आम्ल माती आणि पूर्वेला जड काळी, असा फरक आहे. म्हणून चुना किंवा जिप्सम टाकण्याआधी माती तपासा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेचा पातळ काप काढा. सगळे काप एकत्र करून सावलीत वाळवा आणि चार भाग पाडत पाडत अर्धा किलो उरवा. बांध, उकिरडा आणि झाडाखालची माती घेऊ नका.

प्रश्न (वडणगे): शेजारच्या उसात २,४-डी हे तणनाशक मारल्यावर माझ्या टोमॅटोची पाने अरुंद होऊन वळली. हा विषाणू की औषध?

उत्तर: फवारणीनंतर काही दिवसांतच, शेजारच्या बाजूला जास्त आणि दूर जाताना कमी होत गेले असेल, शिवाय भेंडी-वांग्यालाही तसेच दिसत असेल, तर ते औषधच. विषाणूची झाडे प्लॉटभर विखुरलेली असतात आणि रोग हळूहळू पसरतो. नवी फूट सरळ येते का, हे पंधरा दिवस पाहा. वळलेल्या झाडांचा पाला आच्छादनाला किंवा कंपोस्टला वापरू नका. शेजाऱ्याला वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून फवारायची विनंती करा आणि त्या बाजूला मक्याच्या तीन ओळी दाट लावा. मक्याला २,४-डीचा फारसा त्रास होत नाही आणि उडून येणारे थेंब त्याच्यावर अडतात.