मिलानचं ‘लाते’ आणि घरची खरवड

प्रश्न : मुलाकडे मिलानला गेले होते. कॅफेत ‘लाते’ मागितलं, तर वेटरने ग्लासभर दूध आणून ठेवलं! आपल्याकडे तर ‘लाते’ म्हणजे कॉफी. चूक कोणाची? शिवाय इथल्या एका हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘बेक्ड व्हेज ऑग्रेटीन’ असं छापलंय, ते काय असतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वेटरची चूक नाही आणि तुमचीही नाही. इटालियनमध्ये ‘लाते’ म्हणजे नुसतं दूध. कॉफी हवी तर ‘काफ्फे लाते’ असं पूर्ण नाव घ्यायचं. इंग्रजीत त्यातला ‘काफ्फे’ गळला आणि उरलेला अर्धा शब्द आपल्या मेनूकार्डावर आला.

दूध आलं, निभावलं. पण ‘पेपरोनी’ला जपा. इटालियनमध्ये ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळ्या मिरच्या, तर पिझ्झ्यावरची अमेरिकी धाटणीची पेपरोनी म्हणजे मांसाचं तिखट सॉसेज. माझी मावशी माळकरी. एका हॉटेलात शाकाहारी रकान्यात ‘पेपरोनी’ दिसली म्हणून तिने तीच सांगितली. मला शंका आली, मी आत चौकशी करायला लावली. पोरगा परत येऊन म्हणाला, “काकू, त्यात चिकन आहे.” मावशी पाणीसुद्धा न पिता उठली. कार्ड छापणाऱ्याने एकदा स्वयंपाकघरात विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याचा मला अजून राग आहे.

आता तुमचं ‘ऑग्रेटीन’. हा शब्द माझा फार लाडका. मूळ फ्रेंच उच्चार ‘ओ ग्रातँ’. ‘ग्रात्ते’ म्हणजे खरवडणं. भांड्याच्या बुडाशी धरलेला, खरवडून काढावा लागणारा थर म्हणजे ग्रातँ. अहो, ही तर आपली खरवड! खवा आटवून झाला की आजी पितळी उलथन्याने कढई खरवडायची. तो तांबूस, किंचित करपट पापुद्रा तळहातावर पडायच्या आत आम्ही भावंडं भांडायला लागायचो. फ्रेंचांनी तो थर तळातून वर आणला, एवढंच. भाज्यांवर चीज किंवा ब्रेडचा चुरा पसरायचा आणि वरून खरपूस होईपर्यंत भाजायचं. भाजणं त्यात आलंच, म्हणून ‘बेक्ड’ वेगळं छापायची गरज नाही.

तुमच्या हॉटेलवाल्यांना एवढं जरूर सांगा : नावाखाली ‘पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या, वर चीजचा खरपूस थर’ अशी एक ओळ मराठीत छापा. आणि पेपरोनी ठेवत असतील, तर ती कशाची तेही.