उपचारातल्या हलगर्जीपणामुळे हात किंवा पाय गेला, तर भरपाई कशी मागायची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

चुकीच्या किंवा उशिरा झालेल्या उपचारांमुळे घरातल्या कुणाचा हात किंवा पाय कापावा लागला, आता काय करायचं, असं विचारणारी बरीच पत्रं माझ्याकडे आली आहेत. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न: माझे वडील टेम्पो चालवायचे. अपघातात त्यांचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. खासगी रुग्णालयात संध्याकाळी प्लास्टर घातलं. रात्रभर ते ‘पाय फुटतोय’ म्हणून ओरडत होते. सिस्टरने दोनदा दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर सकाळी आले, तोवर बोटं काळीनिळी पडली होती. दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, पण तिथे पाय मांडीतून कापावा लागला. हा हलगर्जीपणा ठरतो का? आम्हाला काय सिद्ध करावं लागेल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून ग्राहक आयोगातल्या तक्रारीत दम आहे असं वाटतं (पैसे देऊन घेतलेल्या उपचारातल्या हलगर्जीपणाची भरपाई तिथे मागता येते). पण ‘पाय कापावा लागला’ एवढं सांगून भागणार नाही. पाय वाचू शकत होता ते तास कोणते, त्या तासांत रुग्णालयाला काय कळलं होतं आणि त्यांनी काय केलं, हे दाखवावं लागेल. अशी बहुतेक प्रकरणं याच मुद्द्यावर जिंकली किंवा हरली जातात.

आधी वैद्यकीय बाजू समजून घ्या. हाड मोडल्यावर पोटरीतल्या स्नायूंना सूज येते. स्नायूंभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही आणि त्यावर घट्ट प्लास्टर असतं. आतला दाब वाढत गेला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना होणं, औषध देऊनही ती न थांबणं आणि पायाची बोटं हलक्या हाताने ताणली तरी जीव कळवळणं, ही त्याची सुरुवातीची खूण. अशा वेळी प्लास्टर ताबडतोब कापून सैल करायचं असतं. तेवढ्याने आराम पडला नाही, तर आवरणाला छेद देऊन दाब मोकळा करायची शस्त्रक्रिया करतात. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. ‘नाडी लागत होती’ असं रुग्णालय म्हणेल. या आजारात सुरुवातीला नाडी लागूही शकते, त्यामुळे तेवढं उत्तर पुरेसं नाही. गुडघ्यामागची मोठी धमनी अपघातातच फाटली असण्याचीही शक्यता असते. मग प्रश्न असा की ती तपासली का, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला का, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे वेळेत पाठवलं का.

आता कायदा. त्याच शाखेचा साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जी काळजी घेईल तेवढी घेतली का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालात मांडली आहे. डॉक्टरने सर्वोत्तमच उपचार करायला हवे होते, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. पण रात्रभर विव्हळणाऱ्या रुग्णाचं प्लास्टर कुणी उघडून न पाहणं या कसोटीवर टिकणं कठीण आहे.

खरी लढत कारण-परिणामाच्या मुद्द्यावर होईल. ‘पाय अपघातानेच गेला होता, आम्ही काहीही केलं असतं तरी वाचला नसता’ हा त्यांचा ठरलेला बचाव असतो. त्याला उत्तर म्हणजे तासांनुसार टिपण. दाखल किती वाजता केलं, तेव्हा बोटं हलत होती का, पहिली तक्रार कधी केली, कुणाला सांगितलं, इंजेक्शनं किती वाजता दिली, डॉक्टरला फोन झाला का. नर्सिंगच्या नोंदी आणि तुमच्या मोबाईलमधली कॉल हिस्टरी इथे फार उपयोगी पडते. त्याहून महत्त्वाची आहे दुसऱ्या रुग्णालयाने दाखल करताना केलेली नोंद. पाय थंड होता, संवेदना नव्हती, कधीपासून नव्हती, हे त्रयस्थ डॉक्टरने त्याच दिवशी लिहिलेलं असतं. माझ्या मते तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच असेल.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे व्ही. किशन राव (२०१०) या निकालाने स्पष्ट केलंय. तरी तुमच्या प्रकरणात ते घ्याच. शक्यतो दुसऱ्या शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांकडून घ्या. आणि तक्रार फक्त डॉक्टरवर करू नका, रुग्णालयालाही पक्षकार करा. सविता गर्ग (२००४) या निकालानुसार तुम्ही प्राथमिक बाजू मांडली की काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते. रात्री ड्यूटीवर नेमकं कोण होतं हे तुम्हाला ठाऊक नसलं, तरी तेवढ्यावरून तक्रार पडत नाही.

प्रश्न: रुग्णालय केस पेपर देत नाही. उलट ‘बिल माफ करतो, एका कागदावर सही करा’ म्हणतात. सही करावी का?

सही आत्ता करू नका. त्या कागदावर बहुधा ‘यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं. पुढे ते वाक्य खोडून काढायला तुम्हाला वेगळी लढाई लढावी लागेल. समझोता मुळात वाईट नसतो. पण अवयव गमावलेल्या माणसाचा पुढच्या आयुष्याचा खर्च किती, याचा हिशोब झाल्याशिवाय केलेला समझोता रुग्णाच्या तोट्याचाच असतो. ज्या प्रकरणात गंभीर इजा किंवा मृत्यू झालाय अशी वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणं ग्राहक आयोगानेसुद्धा मध्यस्थीकडे पाठवायची नाहीत, असं २०२० चे मध्यस्थीचे नियम सांगतात. यावरून या विषयाचं गांभीर्य लक्षात येईल.

केस पेपर हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवणंही बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका, कारण ते शेवटी, सगळं घडून गेल्यावर लिहिलेलं असतं. दाखल करतानाची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, संमतीपत्रं, ऑपरेशन आणि भूल यांच्या नोंदी, एक्स-रे आणि डॉप्लरच्या मूळ फिल्म, कापलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट असं एकेक नाव लिहून मागा. तरीही दिलं नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा आणि ग्राहक आयोगात नोंदी हजर करायचा आदेश मागा. नोंदी दडवल्या तर आयोग त्याचा अर्थ रुग्णालयाच्या विरोधात लावू शकतो.

प्रश्न: आईला वीस वर्षं शुगर आहे. पायाला जखम झाली. आधी दोन बोटं कापली, मग घोटा, मग गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी ‘आता थांबेल’ म्हणाले. केस होईल का?

तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणणार नाही. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि नसांची संवेदना जाते. अशा पायातला जंतुसंसर्ग योग्य उपचार करूनही वर चढू शकतो. टप्प्याटप्प्याने कापणं हे अनेकदा जास्तीत जास्त पाय वाचवायच्या प्रयत्नातूनच होतं. तेवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही.

दोन गोष्टी मात्र तपासा. पहिलं बोट कापण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासला होता का, आणि तो कमी असताना रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाचं मत घेतलं का? पू कल्चरला (कोणते जंतू आहेत ते शोधणाऱ्या तपासणीला) पाठवून त्याप्रमाणे अँटिबायोटिक बदललं का? ही दोन्ही उत्तरं ‘नाही’ अशी आली, तर कागद घेऊन तज्ज्ञाला भेटा. नाही तर ती शक्ती आईच्या दुसऱ्या पायाच्या काळजीवर आणि चांगल्या कृत्रिम पायावर खर्च करा.

प्रश्न: हातात इंजेक्शन देताच पत्नी आगीसारखं जळतंय म्हणून किंचाळली, बोटं पांढरी पडली. आठवड्याभरात उजवा हात मनगटावरून कापावा लागला. ती नोकरी करत नाही. वकील म्हणतात, कमाई नसल्याने रक्कम थोडीच मिळेल. किती मागावी? कुठे मागावी?

शिरेऐवजी धमनीत औषध गेलं की नेमकं असंच होतं. त्यामुळे किंचाळल्यावर इंजेक्शन तिथेच थांबवलं का आणि रक्तपुरवठा परत आणायचे उपचार कधी सुरू केले, हे पहिल्यांदा शोधा.

वकिलांचं म्हणणं मला मान्य नाही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचं मूल्य धरून तिचं उत्पन्न ठरवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०२१) या निकालात ठामपणे सांगितलं आहे. ते प्रकरण मोटार अपघाताचं होतं, पण तत्त्व इथेही मांडता येतं. उजवा हात गेलेल्या बाईला स्वयंपाक, धुणं, मुलाचं आवरणं यातलं काय जमतं आणि कशासाठी माणूस ठेवावा लागतो, ते तपशीलवार लिहा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमावण्याची गेलेली क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) मध्ये न्यायालयाने उदाहरणच दिलंय. डावा हात कापला गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल, पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के जाते. पहिल्या प्रश्नातल्या टेम्पोचालक वडिलांच्या मुलानेही हा निकाल तक्रारीत जरूर घ्यावा.

मागणीत झालेला खर्च, पुढची ऑपरेशनं, फिजिओथेरपी, मदतनीस, गेलेलं उत्पन्न, वेदना आणि मानसिक त्रास, सगळं यायला हवं. लोक हमखास विसरतात तो कृत्रिम अवयव. तो एकदा बसवला आणि संपलं असं नसतं. ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, मधल्या काळात सॉकेट (कापलेल्या टोकावर बसणारा भाग) आणि दुरुस्तीचा खर्च येतो. बसवणाऱ्या केंद्राकडून लेखी कोटेशन घ्या आणि उरलेल्या आयुष्यात तो किती वेळा बदलावा लागेल त्याचा हिशोब जोडा. निझाम्स इन्स्टिट्यूट विरुद्ध प्रशांत धनंका (२००९) या प्रकरणात शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली अधू झालेल्या तरुणाला सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी रुपये दिले, ते आयुष्यभराच्या गरजा पाहूनच. पण म्हणून तोच आकडा उचलून मागू नका. पुराव्याशिवायच्या मोठ्या आकड्याने तक्रारीचं वजन कमी होतं.

कुठे मागायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोग कोणता हे तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या पैशांवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेक सगळी प्रकरणं तिथेच. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. कायद्यात काही महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात काही वर्षं लागू शकतात. म्हणून मागणीत व्याजही लिहा.

प्रश्न: पाय कापून तीन वर्षं होत आली. उशीर झाला का?

ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे. पोटात राहिलेल्या वस्तूसारखी लपलेली इजा असेल तर मुदत ती कळल्यापासून धरता येते, पण पाय कापल्याचं त्याच दिवशी कळतं. व्ही. एन. श्रीखंडे (२०१०) या निकालात हा फरक केलेला आहे. तुमच्यासाठी वाट एकच, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ खाली विलंब माफीचा अर्ज. त्यात प्रत्येक महिन्याचं कारण कागदासह द्या: पुन्हा भरती, पुढची ऑपरेशनं, केस पेपरसाठी केलेले अर्ज. ‘कायदा माहीत नव्हता’ हे कारण चालत नाही. याच आठवड्यात कामाला लागा.

प्रश्न: पोलिसांत गुन्हा नोंदवला तर भरपाई लवकर मिळेल का?

नाही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे (१ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३३८). पण डॉक्टरला शिक्षा होण्यासाठी ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. तिथे डॉक्टर सुटला तर दुसरी बाजू तो निकाल आयोगासमोर फडकवते. बहुतेक कुटुंबांना मी आधी आयोगाचीच वाट सुचवते.

प्रश्न: सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या हाताला सलाईन लावलं होतं. हात काळा पडला, कोपराखालून कापला. उपचार मोफत होते, म्हणून ग्राहक आयोग आमचा नाही असं सांगतात.

हे पत्र वाचून फार वाईट वाटलं. सांगितलेलं अर्धंच खरं आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे रुग्ण ग्राहक ठरत नाही. केस पेपरची नाममात्र फी भरल्यानेही ठरत नाही. पण त्याच रुग्णालयात काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. तिथे पैसे भरायचा वॉर्ड आहे का, हे माहिती अधिकारात विचारा.

नसेल, तर शासनाला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा करता येतो. हलगर्जीपणा कागदांवरूनच स्पष्ट दिसत असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. राज्य मानवी हक्क आयोगही भरपाईची शिफारस करू शकतो. तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला हवं, म्हणून तो अर्ज आधी करा.

रकमेचा विचार करताना लक्षात घ्या की वाढत्या वयात कृत्रिम हात पुन्हा पुन्हा बदलावा लागेल, आणि कापलेल्या टोकाचं हाड वाढून आणखी शस्त्रक्रियाही लागू शकतात. बालशल्यचिकित्सकाकडून हे लिहून घ्या. वकिलाच्या खर्चाची भीती मनात ठेवू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मुलांना, स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि कोर्ट फीही भरली जाते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाळाचा जन्मदाखला, डिस्चार्ज कार्ड आणि हाताचे फोटो घेऊन तिथे जा आणि अर्जावर अर्जदार म्हणून बाळाचं नाव लिहा, पालक म्हणून तुमचं.